लाख

तलवार मी बेकवेलच्या लिलावात घेतली,
चारशे दहा पौंड, वर कमिशन.
कागदावर: वक्र पातं, लोखंडी मूठ,
शंभर वर्षांहून जुनी, म्हणून कायद्यातून सुटलेली.
शेफील्डात, वॉकलीच्या चढावर, आमच्या चिंचोळ्या घरात
एकच भिंत रिकामी होती,
रेडिएटरच्या वरची.

पाहुणे आले की काढायचो.
म्यान मुठीत गच्च आवळून
पात्यावर बोट फिरवायचो, म्हणायचो,
पाणी बघा, पाणी.
महिन्याभरात त्या पाण्यावर
तांबूस ठसे उगवून आले, माझेच,
चौकीत घेतात तसे.

नोव्हेंबरात हीटिंग लागलं.
एका रात्री सगळी निजल्यावर
पायात मोजे, अंगात वीर,
मी हवेत एक वार केला. एकच.
मूठ हातात राहिली.
पातं गेलं.
दाराला अडकवलेल्या मिहिकाच्या शाळेच्या कोटातून
आरपार, लाकडात दोन बोटं.

कोट रिकामा होता.
हे वाक्य मी अजून
हळू आवाजातच म्हणतो.

घरी सांगितलं, खिळ्यात अडकून फाटला.

डोरीन हॅटर्सली, वय एकोणऐंशी.
पंधराव्या वर्षी कारखान्यात लागली,
अंगाला खाकी कागद गुंडाळून
दिवसभर चमच्यांना चकाकी द्यायची.
आता गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये
पोरांना तलवार शिकवते, आणि आमच्यासारख्यांना
तलवारीपासून दूर राहायला.
किंमत विचारली नाही तिनं. घराणं नाही.
विचारलं, "टांगता कुठं?"
मग मुठीच्या पोकळीशी नाक नेलं.
"लॅक. तुमच्याकडं पातं यातच बसवतात.
जुनं झालं की तडकतं, ऊब लागली की ढिलं पडतं."
लाख! शब्द आमचाच,
परका शिक्का लागून परत आलेला.

"आणि म्यान असं धरू नका.
आतलं लाकूड धारेनं कधीच खाल्लंय.
बोटं पाठीकडून. खालून आधार.
उचलायच्या आधी मूठ कानाशी हलवा,
खुळखुळली तर ठेवून द्या.
आता कोटाचं सांगा."
कोटाचं मी बोललोच नव्हतो.
पात्याच्या टोकाला निळा धागा होता.

मिहिका तिथंच बाकावर. बारा वर्षांची.
सांगितलं.
तिनं कोट उलटा केला, भोकातून बोट घातलं,
कोट अंगावर धरला, आणि मोजत मोजत म्हणाली,
"चौथी बरगडी, बाबा."
पुढे काही बोलली नाही.
डोरीनही नाही.

त्याच गुरुवारी तिनं नाव घातलं.
सहा आठवडे नुसती लाकडी पट्टी.
हात लांब करून, पट्टी लांब करून
भोवती खडूनं वर्तुळ काढायचं,
आत कुणी आलं की पट्टी खाली,
मग तो कुणी असो, मांजर का असेना.
आता घरीही, लाटणं हातात असलं तरी,
"बाबा, तुम्ही माझ्या वर्तुळात आहात."
मी मागं सरतो.

नवी लाख भरून तलवार परत आली.
डोरीननं माझ्याकडून एक पेनी घेतली;
धारेची वस्तू फुकट घेतली की मैत्री तुटते म्हणे.
आमच्या आईचा नियम वेगळा:
विळी, सुरी हातातून हातात द्यायची नाही,
खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची,
नाहीतर भांडण होतं.
मी हसायचो. शकुन-अपशकुन, म्हणायचो.
दोन देशांतल्या दोन बायका
कापलेल्या बोटांना
दुसरं नाव देत होत्या.

आता ती जिन्याखालच्या कपाटात, थंड जागी,
किल्ली माझ्या गळ्यात नाही, बायकोच्या.
महिन्याला एकदा बाहेर. फडकं, तेलाचे दोन थेंब.
काल मिहिकानं पुसली,
टेबलावर आडवी ठेवली, धार भिंतीकडे,
हात मागे घेतले, एक पाऊल मागे गेली,
आणि म्हणाली,
"आता तुम्ही."
मी उचलली.
कानाशी नेली.
काहीच वाजलं नाही. तरी
आम्ही दोघं थोडा वेळ ऐकत राहिलो.